शेवटचा तुकडा

इंजेक्शनच्या बाटल्या तपासणाऱ्या बायकांना त्या कारखान्यात थोड्या थोड्या वेळाने डोळ्यांची सुट्टी मिळायची. दिव्यापुढे बाटली धरून आत केस, काचेचा कण, धूळ शोधायची म्हणजे डोळ्यांचं पार पाणी होतं. सुट्टी इतकी आखूड, की चहा घ्यावा तर तोंड भाजायचं आणि गप्पा माराव्यात तर विषयाला हात घालेपर्यंत घंटा व्हायची. म्हणून त्यांतल्या एकीने मोबाइलवर एखादा खेळ शोधायला घेतला. डोळ्यांच्या सुट्टीत परत डोळेच फोडायचे, असं देखरेखीवरच्या बाईंनी तिला ऐकवलं होतंच. पण दमलेल्या माणसाला शहाणपण पचत नाही.

पहिला खेळ शेतीचा. पाणी घातलं नाही की पिकं सुकायची आणि फोन बोंबलायचा. बोंबलायला घरी दोन मुलं होती, त्यात ही भर कशाला? दुसऱ्यात नुसतं पळत सुटायचं. घंटा झाली तरी छाती धडधडत राहायची. तिसरा इतका सोपा, की खेळता खेळता तिचा डोळा लागला. शेवटी चित्राचे तुकडे जोडायचा खेळ सापडला. कुठेही सोडा, तिथूनच पुढे. आणि एक पुरं झालं की नवं चित्र.

फोन मात्र नवराबायकोत एकच. दुसरा बादलीत पडून कामातून गेलेला. ती सकाळपाळीला, नवरा तिथेच बॉयलरवर दुपारपाळीला. जो कामावर, फोन त्याच्याकडे. घरच्याने अडलंनडलं तर खालच्या मजल्यावर नणंदेचा मागायचा. दुपारी फाटकाशी ती फोन त्याच्या हातात ठेवायची.

"धाकट्याचा ताप उतरला?"

"उतरला. पाणीही भरून ठेवलंय."

एवढाच काय तो संसार. तो घरी यायचा तेव्हा ती झोपलेली, ती निघायची तेव्हा तो. भांडायलाही सवड नव्हती, आणि त्याचंच तिला भय वाटायला लागलं होतं. भांडणसुद्धा संपलं तर दोघांत उरलं काय?

त्यालाही खेळाची चटक लागली. तिने अर्धंमुर्धं सोडलेलं चित्र तो पुढे न्यायचा. पण सकाळी पाहावं तर एक तुकडा राहिलेलाच.

"अहो, एका तुकड्याचाही कंटाळा?" ती फाटकाशी म्हणाली.

"मला नाही दिसत बुवा. काचेतला केस पकडणारी तू."

आळशी तो आळशी, वर तोंड करून बोलतोय, असं मनात म्हणत ती घरी गेली.

एका सुट्टीत मात्र ती तुकडा लावता लावता थांबली. आज पक्ष्याचा डोळा राहिला होता. काल नावाड्याचा चेहरा, परवा बाळाचा तळहात. आभाळ कधीच राहिलं नव्हतं. निळ्यात निळं बसवत बसायचं ते जिवावर येणारं काम रोज झालेलं असायचं. आळशी माणूस आभाळ आधी लावत नाही. इतकी वर्षं तिची नजर खोट शोधायलाच तयार झालेली. हे दिसायला तिला उशीरच झाला. तिला रडू आलं. घंटा झाली, तरी तिने पक्ष्याचा डोळा लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पक्षी तसाच आंधळा. त्याच्या पुढच्या दिवशीही. फाटकाशी फोन घेताना तो हसत होता.

सुट्टीच्या दिवशी मुलं नणंदेकडे गेली आणि दोघं एकदाची खाटेवर टेकली. तिने फोन पुढे केला.

"लावा."

"तू लाव. तुझ्यासाठीच ठेवतो मी."

"कळलंय मला. म्हणूनच म्हणते, तुम्ही लावा."

"लावतो," म्हणाला आणि बोलता बोलताच तिच्या खांद्यावर कलंडला. बॉयलरच्या धगीने त्याचे ओठ फुटले होते. इतक्या जवळून तिने ते कितीतरी दिवसांत पाहिले नव्हते. तिने हलकेच त्याचं बोट धरलं आणि त्याच बोटाने तो तुकडा जागेवर सरकवला.

"संपलं?" डोळे न उघडताच त्याने विचारलं.

"नाही, नवीन उघडलंय. झोपा तुम्ही. या खेपेला आभाळ मी लावते."