गोपिकाचा कडू घास

दोन हजार बावीस सालचा पुनरुत्थानाचा रविवार, म्हणजे ईस्टर. करोनामुळे दोन वर्षं बंद पडलेलं प्रीतिभोजन, म्हणजे सगळ्या मंडळीची एकत्र पंगत, त्या दिवशी आमच्या चर्चच्या आवारात पुन्हा व्हायचं होतं. सकाळची उपासना झाली, येशूच्या आठवणीत भाकर मोडून प्याला फिरवायचं प्रभुभोजन झालं. भाकरीचा तुकडा माझ्या हातावर आला तेव्हाही माझी नजर दाराकडेच होती. माझा धाकटा भाऊ देवराव आला नव्हता.

आदल्या वर्षी मे महिन्यात त्याची बायको गोपिका गेली. त्या दिवसांत माणसं कशी जात होती आणि त्यांना माती कशी मिळत होती, ते नागपुरात कोणाला सांगायला नको. पण खरी गोष्ट त्यानंतरची. इकडे माती झाली की त्या घरची चूल पेटत नाही. सोयरे-शेजारी वरण-भात रांधून नेतात, घरच्यांच्या हातात पहिला घास देतात आणि स्वतःही त्यांच्यासोबत तिथेच जेवतात. हिंदू असोत, बौद्ध असोत की आम्ही ख्रिस्ती, सगळ्यांत हे आहे. त्याला कडू घास म्हणतात.

गोपिकाचा कडू घास झाला नाही. मी मौद्याला मुलाकडे तापाने पडून होते. याकोब आमच्या मंडळीचा सेक्रेटरी, देवरावचा शाळेपासूनचा मित्र. त्याने खाणावळीतून डबा आणला, पिशवी देवरावच्या गेटाला अडकवली, रस्त्यावरून फोन केला आणि निघून गेला. पिशवी दोन दिवस तशीच लटकत राहिली. शेवटी देवरावच्या मुलीने, मेघाने, ती काढून फेकली.

तेव्हापासून देवराव चर्चला आला नाही. देवावर रागावला होता असं नाही. घरी रोज प्रार्थना करायचा. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "बाई, मन साफ नसलं की त्या भाकरीले हात लावता येत नाही. याकोब दिसला की मले ती पिशवी दिसते."

स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच दोन घास खायचा. अंगावरचे कपडे ढगळ झाले होते. जूनमध्ये मेघा नोकरीसाठी पुण्याला जाणार होती. मग तो आणि त्या घराच्या भिंती. मला रात्ररात्र झोप यायची नाही. या प्रीतिभोजनाला आला नाही तर तो कायमचा माणसांतून उठेल, असंच मनाने घेतलं होतं.

म्हणून मी आवारात नुसती फिरत होते. गेटापर्यंत जायचं, रस्ता बघायचा, परत चुलीपाशी यायचं. चुलीपाशी यमुताई होती. वर्षानुवर्षं प्रीतिभोजनाचा भात तिच्याच हातचा. ती म्हणाली, "सिंधू, बस वं एका जागी. तुझ्यानं माझंही डोकं फिरून राहिलं."

आमच्यात बायका रोज भात टाकताना एक मूठ तांदूळ प्रभूसाठी म्हणून वेगळ्या डब्यात ठेवतात. प्रीतिभोजनाच्या दिवशी सगळ्यांचे डबे एकाच गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, रिकामे होतात. कोणाचा जुना तांदूळ, कोणाचा नवा, कोणाचा रेशनचा. तो भात कधी एकसारखा शिजत नाही आणि त्याबद्दल कधी कोणी बोलत नाही.

तेवढ्यात मेघा आली, एकटीच. हातात पत्र्याचा डबा होता.

"कोणाचा वं हा?" यमुताईने विचारलं.

"आईचा. सामान आवरताना सापडला. बाबांना विचारलं, ने म्हणाले."

झाकण काढलं तर वर सोंडे फिरत होते. यमुताईने तांदूळ सुपात घेतला, पाखडला, तीन पाण्यांनी धुतला आणि गंजात सोडला. मी पुन्हा गेटाकडे गेले.

पंगत बसली. पाळकसाहेब तरुण, नवीनच आलेले. ते आभाराची प्रार्थना करायला उभे राहिले, तशी यमुताईने पळी खाली ठेवली.

"साहेब, थांबा. या गंजात गोपिकाचा तांदूळ आहे. तिचा कडू घास अजून झाला नाही. तो झाल्याबिगर मी हा भात कोणाले वाढत नाही."

पाळकसाहेब गोंधळले. आधी जेवणं उरकू, संध्याकाळी सगळे मिळून देवरावकाकांकडे जाऊ, असं त्यांनी सुचवलं. त्यात वावगं काही नव्हतं. ऊन तापलं होतं, लेकरं भुकेली होती. एका माणसापायी सगळ्यांना उपाशी ठेवता का, असं मागून कोणीतरी बोललंही. याकोब मान खाली घालून पत्रावळी वाटत होता. त्याने गठ्ठा बाकावर ठेवला आणि म्हणाला, "भात काढून दे यमुताई. देवरावकडे मीही येतो."

देवरावचं घर मोहननगरात, जवळच. ऑटोत पाळकसाहेब, यमुताई, मेघा आणि मी. भाताचा लहान गंज माझ्या मांडीवर, फडक्यातून चटके देत होता. मागून याकोबची स्कूटर. देवरावने दार लावून घेतलं तर? मेघाजवळ किल्ली होती, पण किल्लीने दार उघडून काय मिळणार होतं?

देवरावने दार उघडलं. आमच्याकडे पाहिलं, मग आमच्या डोक्यांवरून गेटाकडे. याकोब गेटाबाहेरच उभा होता.

"त्या दिवशी काहून थांबला नाही गा?" देवरावने विचारलं.

"भीती वाटली," याकोब म्हणाला. "घरी आई होती म्हातारी. मीही घाबरलो."

"आत ये म्हणत नव्हतो मी. तू तिथं बाहेर बसून एक घास खाल्ला असता, मी इथं आत खाल्ला असता. तेवढ्यानं झालं असतं."

गेटाबाहेरच्या तापल्या सिमेंटवर याकोब मांडी घालून बसला आणि यमुताईकडे हात पसरला.

देवराव म्हणाला, "आता काय तिथं बसून राहिला? भाजून निघशीन. आत ये."

आम्ही जमिनीवर बसलो. पाळकसाहेबांनी दोन वाक्यांत प्रार्थना आटोपली. कडू घासाला भाकर मोडायची नसते, प्याला नसतो, पण त्या खोलीत बसल्यावर सकाळी हातावर आलेला तुकडा मला आत्ता कुठे गिळल्यासारखा वाटला. याकोबने पहिला घास देवरावच्या हातात दिला. भात अर्धा गिचका, अर्धा फडफडीत. देवराव तो बराच वेळ चावत राहिला.

"मीठ कमी आहे वं," तो म्हणाला.

"मीठ मागून राहिला म्हणजे जेवशीन," यमुताई म्हणाली आणि त्याला आणखी वाढलं.

आम्ही परतलो तोवर काही जण घरी गेले होते. उरलेल्यांचे चेहरे उतरले होते. देवराव आमच्यासोबत आला, पण पंगतीत बसला नाही. जग घेऊन पाणी वाढत फिरला. पुढच्या महिन्याच्या प्रभुभोजनाला तो मागच्या बाकावर होता. त्याने हात पुढे केलेला मी पाहिला.

त्या पाळकसाहेबांची पुढे अमरावतीला बदली झाली. तिथेही त्यांनी मुठीच्या तांदळाचे डबे सुरू केलेत. मेघा पुण्यातच आहे, तिचं लग्न झालं. यमुताई दोन वर्षांनी गेली. तिच्या घरी भाताचा गंज उचलून नेणारा पहिला माणूस देवराव होता, आणि मीठ त्याने दोनदा चाखून पाहिलं. याकोबचे गुडघे गेलेत. देवराव त्याला रविवारी ऑटोने आणतो आणि वाटभर दोघं कशावरून तरी भांडत असतात. मी मौद्याहून देवरावकडेच राहायला आले आहे. भात टाकताना एक मूठ बाजूला ठेवते, त्याच पत्र्याच्या डब्यात. अजूनही पंगत बसली की कोण आलं नाही ते मोजल्याशिवाय मला घास घेता येत नाही.