बाकावरची बायको

माझ्या बाबांना सगळे पोपटराव म्हणायचे. शहरातली चर्च, पुतळे, जुन्या कमानी पर्यटकांना दाखवणं हा त्यांचा धंदा. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू, आणि घरी आलं की त्याच तोंडाला कुलूप. आई मशीनवर लोकांचे कपडे उसवून पुन्हा शिवत बसलेली असायची. "एकदा मलाही न्या ना दाखवायला," ती म्हणायची.

"तुला काय कळणार त्यातलं? दगड आहेत नुसते." हे ठरलेलं उत्तर. पुढे तिनं विचारणंच सोडलं.

म्हातारपणी पर्यटन खात्यानं त्यांचा आवाज भरून घेतला. आता गाईड लागत नाही. जागोजागी पाट्या आहेत, पाटीवरचा चौकोन मोबाईलनं टिपायचा की बाबा कानात बोलायला लागतात. ते गेल्यावर आई मला म्हणाली, "तू तरी ने. मला ते सगळं त्यांच्या तोंडून ऐकायचंय." त्यासाठी तिनं ठेवणीतले कपडे काढले.

इअरफोनचं एक टोक तिच्या कानात, एक माझ्या. पहिल्याच चर्चच्या दारात आवाज आला, "या, या! दमला नाहीत ना? आता जरा वर बघा." आई चक्क लाजली. माझं डोकं मात्र फिरलं. या गोड आवाजात 'जेवलीस का' एवढंसुद्धा घरात कुणी कधी ऐकलं नव्हतं.

चौकात सेनापतीचा पुतळा होता. बाबा रंगात आले. "माझी बायको इथे उभी राहून म्हणाली, अहो, याच्या कोटाची बटणं उलट्या बाजूला आहेत! बायकोचा कोट घालून लढाईला निघालाय की काय हा!" कानात इअरफोन घातलेली आजूबाजूची माणसं खुदकन हसली.

आई थांबली. "हे मी म्हणाले होते."

"इथे?"

"इथे कुठे? घरी, मशीनवर बसून. त्यांच्या माहितीपत्रकावरचा पुतळ्याचा फोटो बघून म्हणाले होते. त्यांनी पेपरातून मान वर केली नव्हती."

शेवटचा मुक्काम मोठ्या चर्चमागची बाग. "झाडाखालचा तो बाक बघा," बाबा म्हणाले. "ती माझ्या बायकोची जागा. दर रविवारी आम्ही येतो. तिचे गुडघे दुखतात, पण माझा हात धरून येते बिचारी..."

मला राहवेना. "आई, दुसरी कुणी होती का गं?"

"गुडघे माझेच आहेत," आई म्हणाली. "दुसरी असती तरी चाललं असतं गं. निदान कुणाला तरी आणलं, म्हटलं असतं. कुणालाच नाही आणलं. नुसतं बोलले."

बाकावर एक जोडपं ऐसपैस बसलं होतं. त्यांच्याही कानात बाबाच होते, कारण 'हात धरून' आलं तसा त्या नवऱ्यानं बायकोचा हात हातात घेतला. आई पुढे झाली. "जरा सरकता का? गुडघे दुखतात माझे."

त्यानं ओठांवर बोट ठेवलं, कानाकडे खूण केली आणि हातानंच सांगितलं, थांबा जरा.

बाबांचं बायकोबद्दलचं बोलणं संपेपर्यंत आई तिथे उभीच होती.