तिसऱ्या कोठाराचा वास

बंदरावर उतरणारं धान्य खाण्याजोगं आहे की नाही, हे ठरवायला सरकारने जो माणूस नेमला होता त्याला सगळे नाकवाले म्हणत. सव्वीस वर्षं त्यांचं हेच काम. मूठभर गहू हातात घ्यायचा, त्यावर तोंडाची वाफ सोडायची, डोळे मिटून हुंगायचं आणि सांगायचं, ‘हा दोन वर्षं जुना आहे,’ किंवा ‘याला खालून ओल लागलीय,’ किंवा ‘याच्या आधी या जहाजात खत होतं.’ प्रयोगशाळेचा अहवाल नऊ दिवसांनी यायचा आणि त्यात तेच लिहिलेलं असायचं. नाक दिसायला काही खास नव्हतं, जरा बसकंच होतं. त्यांची बायको म्हणायची, “देवाने आकारात वाचवलं ते कामात घातलं.”

तर या नाकवाल्यांना नेमकी त्या दिवशी सर्दी झाली, ज्या दिवशी पाच महिन्यांनी गव्हाचं पहिलं जहाज धक्क्याला लागलं.

सर्दी त्यांनी आपल्या हातांनी ओढवून घेतली होती. दूर कुठेतरी लढाई चालू होती. जिथून गहू यायचा त्या बंदरांवर ड्रोन पडत होते, धान्याची गोदामं जळत होती, भरलेली जहाजं जागच्या जागी अडकली होती. लढाई त्यांची आणि उपास इथे, असं झालं होतं. शहरातला पाव महिन्यामहिन्याला लहान होत गेला. मग बेकऱ्या दुपारीच दारं लावून घेऊ लागल्या. देशाच्या आतल्या भागात तर दोन वर्षं पीकच नव्हतं. तिथली माणसं छावणीत मिळणाऱ्या एका ताटावर जगत होती, आणि तेही ताट आता अर्धं झालं होतं. त्यामुळे जहाज निघाल्याचं कळलं तेव्हापासून नाकवाल्यांना घरात चैन पडेना. दोन दिवस ते धक्क्यावर खुर्ची टाकून भर वाऱ्यात बसले.

“निदान मफलर घ्या,” बायको म्हणाली होती.

“मफलरने नाक झाकलं तर जहाजाचा वास कसा येणार?”

“अहो, जहाज अजून तीनशे मैलांवर आहे.”

तिसऱ्या दिवशी सकाळी जहाज आलं आणि नाक बंद पडलं. वाफारा घेतला, मिठाच्या पाण्याने नाक धुतलं, निलगिरीचं तेल चोळलं. शेवटी बायकोने त्यांना डोळे मिटायला लावले आणि नाकाखाली एक बाटली धरली.

“सांगा, कशाचा वास?”

“व्हिनेगर,” नाकवाले अंदाजाने म्हणाले.

“रॉकेल आहे. आज रजा टाका.”

“रजा? पाच महिन्यांनी जहाज आलंय. आणि हे बघ, कुणापाशी बोलू नकोस. सव्वीस वर्षांचं नाव आहे माझं.”

“नाव कुठे, नाक आहे,” बायको म्हणाली. “आणि तेच नाहीये.”

धक्क्यावर बंदराचे साहेब आणि जहाजाचा कप्तान वाट बघत होते. साहेब बदली होऊन दोन महिन्यांपूर्वी आलेले. माणूस वाईट नव्हता, पण ताक फुंकून पिणारा. “नाही म्हटल्यामुळे आजवर कुणाची नोकरी गेलेली नाही,” हे त्यांचं आवडतं वाक्य. कप्तान आडदांड होता आणि त्याची एक भुवई जळून गेलेली होती. त्यामुळे तो काहीही सांगत असला तरी त्याला स्वतःलाच नवल वाटतंय असं दिसायचं.

“माल भरत आलो होतो,” कप्तानाने सांगितलं, “तेवढ्यात शेजारच्या गोदामावर ड्रोन पडला. जळता भुसा उडून आमच्यावर यायला लागला. चारांपैकी तीन कोठारांची झाकणं लावली. तिसऱ्याचं अडकलं, अर्धा तास उघडं राहिलं. वरून बंबवाल्यांनी पाणी मारलं. मग आम्ही दोर तोडून निघालो ते इथे आलो. पहिलं, दुसरं, चौथं कोठार पेटीत ठेवल्यासारखं आहे. तिसऱ्याचं मी सांगू शकत नाही. पण एक सांगतो, मला आज संध्याकाळपर्यंत निघायचंय. पलीकडच्या बंदरात लोक हेच मागायला उभे आहेत.”

“तिसरं कोठार छावण्यांसाठी आहे,” साहेब म्हणाले. “आधी तेच बघू.”

नाकवाले शिडीने तिसऱ्या कोठारात उतरले. खाली गव्हाचा डोंगर, त्यावर काळ्या राखेचे कण. नुसता धूर लागला असेल तर हरकत नव्हती. गहू वारा देऊन चाळला की धूर उडून जातो. पण आगीबरोबर तेल जळलं असेल आणि ते पाण्याबरोबर आत आलं असेल, तर तो गहू जनावरालाही घालायच्या लायकीचा नाही. दोन्हींत फरक फक्त वासाचा.

त्यांनी मूठ भरली, वाफ सोडली, डोळे मिटले. अंधार तेवढा दिसला.

“काय?” वरून साहेबांनी विचारलं.

“हं.”

“हं म्हणजे?”

“हं म्हणजे विचार चाललाय.”

त्यांनी दुसऱ्या ठिकाणची मूठ घेतली, मग तिसऱ्या. प्रत्येक वेळी मान हलवली, भुवया आक्रसल्या, सगळा तमाशा साग्रसंगीत केला. नाकाने साथ दिली नाही. शेवटी “जरा मोकळ्या हवेत जाऊन येतो” म्हणून वर आले आणि नाक शिंकरायला फाटकाबाहेर गेले.

फाटकाबाहेर रिकाम्या ट्रकांची रांग लागली होती. पहिल्या ट्रकचा ड्रायव्हर पायरीवर बसून चहा पीत होता. नाकवाल्यांना तो ओळखत होता.

“काय काका, रडताय का?”

“डोळ्यात राख गेली.”

“बरं. मग कधी भरायचं?”

“बघतोय. तू गेल्या खेपेला गेला होतास ना छावणीत? कसं आहे तिकडे?”

ड्रायव्हरने पेला खाली ठेवला. “निम्मा ट्रक घेऊन गेलो होतो. वाटलं, आता मारामारी होणार, ट्रकच्या काचा फुटणार. मी तर हेल्मेट घालून बसलो होतो. पण कुणी भांडलंच नाही हो. गप रांगेत उभे. मग माझ्या लक्षात आलं, भांडायलासुद्धा अंगात जोर लागतो. हेल्मेट काढून ठेवलं. लाज वाटली.”

नाकवाले परत आले तेव्हा त्यांचा जीव नुसता टांगणीला लागला होता. नाही म्हणावं तर त्या रांगेच्या तोंडचा घास जायचा. हो म्हणावं आणि गव्हात तेल निघालं, तर तोच घास त्यांच्या जिवावर उठायचा. आणि खरं सांगावं तर सव्वीस वर्षांची अब्रू. त्यांनी ठरवलं की अब्रू गेलेली परवडेल.

ते साहेबांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “साहेब, वास येत नाही.”

साहेबांचा चेहरा खुलला. “वास येत नाही? उत्तम. मग झालं तर.” त्यांनी पेन काढलं आणि फॉर्मवर ‘वास’ या शब्दापुढे लिहिलं, ‘येत नाही.’ कप्तानाने टोपी काढून डोकं पुसलं. साहेबांनी शिक्क्याची डबी उघडली.

नाकवाले बघत राहिले. ते एक अक्षर खोटं बोलले नव्हते. देवासमोर उभं केलं तरी त्यांना सांगता आलं असतं, मी म्हणालो होतो येत नाही म्हणून. शिक्का शाईत बुडला, वर आला.

“साहेब,” नाकवाले म्हणाले, “गव्हाला नाही. मला.”

“तुम्हाला काय?”

“मला वास येत नाही. सर्दी झालीय. रॉकेलला मी व्हिनेगर म्हणालो सकाळी.”

शिक्का हवेतच राहिला. शाईचा एक थेंब साहेबांच्या पांढऱ्या बाहीवर पडला. कप्तानाने टोपी परत घातली.

“मग इतका वेळ खाली काय करत होतात?”

“नाटक.”

साहेब खुर्चीत बसले. “मग नाही लिहितो. कोण धोका पत्करणार?”

“नियमाचं पुस्तक काढा,” नाकवाले म्हणाले. “त्यात काय लिहिलंय? नेमलेला माणूस आजारी असेल तर दोन निरोगी नाकांनी वास घ्यावा. नाकं सरकारी असावीत असं कुठे म्हटलंय का?”

साहेबांनी पुस्तक काढून दोनदा वाचलं. तसं कुठे म्हटलं नव्हतं. “एक माझं धरू,” ते म्हणाले. “पण मला गुलाब आणि गटार एवढाच फरक कळतो. दुसरं नाक कुठून आणायचं?”

“आमच्या घरी आहे,” नाकवाले म्हणाले.

ट्रक ड्रायव्हर जाऊन नाकवाल्यांच्या बायकोला घेऊन आला. ती ट्रकच्या उंच पायरीवरून उतरली ती हातातल्या पिशवीसकट, घरच्याच कपड्यांत, आणि पहिलं वाक्य नवऱ्यालाच ऐकवलं. “सांगितलंत ना शेवटी? सकाळीच सांगितलं असतंत तर माझा स्वयंपाक तरी झाला असता.”

“काकू,” साहेब म्हणाले, “राग मानू नका, पण मला आधी खात्री करून घ्यावी लागेल.”

“घ्या की. भाजीवाल्याकडे मीही घेतेच.”

साहेबांनी तिला पाठ करून उभं केलं. चार पेल्यांत चांगला गहू घातला, वर कोमट पाणी. एकात डिझेलचा एकच थेंब टाकला, एकात जळलेली काडी विझवली, दोन तसेच ठेवले. पेले झाकून, जागा बदलून तिच्यापुढे मांडले.

पहिला पेला तिने उचलून लगेच ठेवला. “हा चांगला.” दुसरा नाकापाशी नेलाही नाही. “तेल.” तिसरा जरा वेळ धरला. “काडी. लाकडाचा धूर, बाधत नाही.” चौथ्यापाशी ती थांबली. साहेब पुढे झुकले.

“गहू चांगला आहे,” ती म्हणाली. “पण पेला ज्यांनी धरला त्यांनी आत्ताच संत्रं सोललंय.”

साहेबांनी हात खिशात घातले. कप्तान इतक्या मोठ्यांदा हसला की वरचे खलाशी खाली वाकून बघायला लागले.

कोठाराची शिडी चाळीस पायऱ्यांची. ती पिशवी कप्तानाच्या गळ्यात अडकवून खाली उतरली. पाठोपाठ नाकवाले, त्यांच्या मागे साहेब. मग दोघं नवराबायको त्या गव्हाच्या डोंगरावर गुडघे टेकून कामाला लागली. नाक बंद असलं तरी नाकवाल्यांचे हात जागे होते. ते कोपरापर्यंत हात खुपसायचे, खालचा गहू वर काढायचे, चोळून बघायचे आणि तिच्यापुढे धरायचे. ती हुंगायची.

“धूर. नुसता धूर.”

“इथे?”

“धूर. भुशाचा आहे.”

“आणि इथे?”

“इथे तुमच्या निलगिरीचा. लांब व्हा जरा.”

तासभर असं चाललं. उत्तरेकडच्या कोपऱ्यात हात घातल्यावर नाकवाले थबकले. आत गहू ऊबदार लागत होता. “इथे पाणी आलंय,” ते म्हणाले आणि मूठ वर काढली. तिने वास घेतला आणि चेहरा बाजूला फिरवला.

“हेच ते. तेल.”

मागे उभ्या साहेबांनी लगेच कपाळाला हात लावला. “संपलं. तेल म्हणजे सगळं कोठार नापास.”

“का म्हणून?” ती म्हणाली. “तुमच्या घरी एक बटाटा सडला तर तुम्ही पोतं फेकता का? आणि फेकत असाल तर तुमच्या बायकोला एकदा भेटायचंय मला.”

साहेबांनी बायकोचा विषय वाढवला नाही.

मग त्या कोपऱ्याची हद्द शोधायची होती. नाकवाल्यांनी पावलाच्या अंतरावर हात घालत जावं, ऊब कुठे संपते ते बघावं, तिने तिथला गहू हुंगावा, आणि जिथे दोघांचं एकमत होईल तिथून आणखी दोन पावलं सोडून खलाशाने खुंटी रोवून दोरी बांधावी. एका जागी एकमत होईना. ते म्हणाले, इथे कोरडं आहे. ती म्हणाली, कोरडं असेल पण बरोबर नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाल्यामुळे नाकवाल्यांनी दोरी आणखी मागे घेतली. शेवटी कोठाराचा जेमतेम दहावा हिस्सा दोरीपलीकडे गेला. अलीकडचा गहू साहेबांनी स्वतः चार ठिकाणी हुंगला आणि म्हणाले, “गटार नाही.” एवढं त्यांच्या नाकाला पुरेसं होतं.

वर आल्यावर साहेबांनी नवा फॉर्म घेतला. दोरीच्या अलीकडचा माल पास, पलीकडचा नापास, वारा देऊन चाळावा, असं सगळं लिहिलं आणि तिच्यापुढे सहीला धरलं. तिने पिशवीतून चष्मा काढून आधी पूर्ण वाचलं, मग सही केली.

“हुद्दा?” साहेबांनी विचारलं.

“बायको.”

“असा हुद्दा नियमात नाही हो काकू.”

“नसेल. पण आज कामावर मीच आहे.”

साहेबांनी नवऱ्याकडे बघितलं, मग कप्तानाकडे. दोघांपैकी कुणीच मदतीला आलं नाही. त्यांनी फॉर्मवर स्वच्छ अक्षरांत ‘बायको’ लिहिलं आणि शिक्का मारला.

क्रेनचा जबडा गव्हात उतरला तेव्हा उन्हं अजून वर होती. ट्रक एकेक करून आत आले आणि भरून बाहेर पडायला लागले. नाकवाले आणि बायको फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला चालत होते, कारण ट्रकवाल्यांपैकी कुणालाच आता त्यांना घरी सोडायला सवड नव्हती. भरलेला ट्रक शेजारून गेला की ती थांबायची, वारा अंगावर घ्यायची, मग चालायची.

“एक विचारू?” नाकवाले म्हणाले. “पाच महिने वाट बघितली आणि मला काहीच कळलं नाही. कसा होता गं वास?”

“गव्हासारखा.”

“तसं नको. नीट सांग.”

तिने जरा विचार केला. तेवढ्यात आणखी एक ट्रक गेला.

“वरून धूर आहे,” ती म्हणाली. “लांबून आलेल्या माणसाच्या कपड्यांना येतो तसा. त्याच्या खाली कोरडी माती. आणि मुठीत जरा वेळ धरला की गोड. भाजायला घेतलेल्या पावासारखा, पण अजून कच्चा.”

“आणि?”

“आणि काय, चाला. घरी जाऊन सांगते.”

“आत्ताच सांग,” नाकवाले म्हणाले. मग ती पुढच्या ट्रकची वाट बघत थांबली, म्हणजे नीट आठवून सांगता येईल.