टोपणाच्या फटी

खळगा एवढासा होता, मुंगीनं उभं राहावं एवढा, आणि डोळ्यांना तर तो दिसतही नव्हता. पण रंधा मशीनमधून नुकत्याच निघालेल्या कोमट फळीवरून अंगठा फिरवताना तो थोरलीला लागला, मग त्याच्यापुढे दुसरा, मग तिसरा... म्हणजे पात्यानं सोललेल्या ढलप्या भुसा ओढून नेणाऱ्या पाइपात गेल्याच नव्हत्या, परत फळीवर पडल्या होत्या आणि रोलरनं त्या लाकडात दाबून बसवल्या होत्या. म्हणजे धाकटीनं केलेलं टोपण चालत नव्हतं. थोरलीच्या आत काहीतरी गोड हललं – आणि लगेच तिनं फळीवर तळहात पालथा ठेवला, जणू ते गोड कुणाला दिसलं असतं.

"ताई, कशी आली?" मशीनच्या पलीकडून धाकटीनं विचारलं.

"बघतेय."

धाकटी म्हणजे तिची भावजय. पिठाच्या गिरणीत वाढलेली. लग्नाला आठ महिने झाले होते, आणि नवरा तयार सामान पोचवायला गाडी घेऊन गेला की ही पदर खोचून कारखान्यात हजर. कुणी बोलावलं होतं? पण आली, आणि महिन्याभरात तिनं विचारलं, बाबा बाहेर का बसतात? का म्हणजे? डॉक्टरांनी सांगितलं होतं, छातीत आता भुशाला जागा नाही. वर्षभर बाबा अंगणातल्या बाकावर बसून खिडकीच्या काचेतून आपलाच कारखाना पाहत होते आणि ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. थोरलीच्याही. तिच्याच जास्त. मग धाकटीनं जुना पत्र्याचा पिंप कापून मशीनवर टोपण बसवलं, बोळकांडीसारखा अरुंद पाइप काढून रुंद लावला, त्याची तीन वळणं होती त्याचं एक केलं; आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून टोपणाच्या फटी एकेक करून बुजवायला घेतल्या. "पीठ काय आणि भुसा काय," ती म्हणाली, "गिरणीत पीठ पडतं त्या तोंडाची कापडी बाही घट्ट बांधली की कण उडत नाही."

काल बाबा नाकाला रुमाल लावून दारापर्यंत आले होते. टोपणाच्या कडेवरून त्यांनी लांबूनच नजर फिरवली, आणि म्हणाले, "शाब्बास."

एक शब्द. बावीस वर्षं मी या मशीनवर उभी आहे – ते बसतात तो बाक माझा, ते जेवतात ते टेबल माझं, त्यांच्या खोलीचा दरवाजा इतका बेमालूम बसवला की श्वासासारखा लागतो – आणि मला मिळालं काय, तर "चालेल". एकदा "बरं झालंय". एकदा नुसतं "हं". मत्सर हा शब्द तिला पुस्तकी वाटायचा. पोटात दुखतंय म्हणावं, तर पोटात काहीच दुखत नव्हतं. कुणीतरी आपल्या नेहमीच्या खुंटीवर आपला झगा अडकवून गेलंय, आणि आपण आपला झगा हातात घेऊन उभे आहोत, तसं काहीतरी ते होतं.

शाळेच्या बाकांसाठी चाळीस फळ्या साफ करायच्या होत्या. पहिल्या पाच-सहा धुळीशिवाय निघाल्या की बाबांना आत बोलवायचं, असं धाकटीनं परस्पर ठरवलंही होतं. त्यांचं स्टूल तिनं सकाळीच आणून ठेवलं होतं – थोरलीच्या उजव्या हाताला, जिथे ते पूर्वी बसायचे, अगदी तिथेच. हिला जागा कुणी सांगितली?

दुसरी फळी घातली. पाइपाच्या टोकाचा पंखा ओरडत होता, पण बारीक, कोरड्या घशानं. आणि त्या आवाजात थोरलीला एकदम बाटली आठवली. सात वर्षांची होती ती. बाबा तेव्हा सुट्टीच्या दिवशी गल्लीतल्या पोरांना कारखान्याच्या पायरीवर बसवून काहीबाही दाखवायचे. त्या दिवशी पाण्यानं भरलेली बाटली, तिच्या तोंडात नळी, आणि नळीभोवती मेण लावून तोंड पक्कं बंद केलेलं. "ओढ," ते म्हणाले. तिनं गाल आत जाईपर्यंत ओढलं. पाणी हलेना. पोरं हसली, बाबा हसले नाहीत, काही सांगितलंही नाही, नुसती एक टाचणी तिच्या हातात ठेवली आणि शांत बसले... किती वेळ? जन्मभर बसले असते. मग तिनंच मेणाला भोक पाडलं, आणि पाणी असं आलं की ठसका लागला. "बघ," ते म्हणाले, "हवेला आत यायला वाट दिलीस, तेव्हा पाणी निघालं." आणि तिची हनुवटी पुसली. तेव्हा ते शाब्बास म्हणाले होते का? तिनं पुष्कळदा आठवून पाहिलं होतं.

"ताई, अजून कुठूनतरी गळत असणार," धाकटी वाकून टोपण चाचपत होती. "मागच्या बाजूला एक फट राहिलीय. तिथेही पट्टी लावू?"

फट राहिलीय म्हणूनच जे थोडंफार ओढलं जातंय ते जातंय, बाई. हे वाक्य थोरलीच्या जिभेवर आलं, तिथे बसलं, आणि तिनं ते गिळलं.

"लाव," ती म्हणाली.

धाकटीनं गुडघे टेकून पट्टी लावली. तिसरी फळी आत गेली, पंख्याचा आवाज सुईसारखा झाला, आणि टोपणात कोंडलेला भुसा फळीच्याच वाटेनं उलटा उसळून धाकटीच्या तोंडावर आला. थोरलीनं मशीन बंद केलं. धाकटी उभी राहिली; पापण्या, केस, कपाळ, सगळं पिवळं.

"गिरणीतही मी अशीच दिसायचे," ती हसत म्हणाली. "गिऱ्हाईकं म्हणायची, दळण नेऊ की हिलाच नेऊ?" मग तिनं स्टुलाकडे पाहिलं, आणि हसू राहिलं नाही. "आज नको बाबांना आत. उगाच आशा लावली मी त्यांना." तिनं स्टूल उचललं.

थोरलीला बरं वाटायला हवं होतं. तिनं खिडकीकडे पाहिलं. काचेपलीकडे बाबा उभे होते. त्यांनी केस विंचरले होते. कामाचा जुना ॲप्रन, वर्षभर खिळ्याला टांगलेला, तो त्यांनी घातला होता, आणि मागची नाडी हात पुरत नसल्यामुळे तशीच लोंबत होती. दाराकडे निघालेलं स्टूल त्यांना दिसलं. ॲप्रन घातला आहे हे कुणाला कळू नये तसे ते हळूच पाठ फिरवून बाकावर बसले.

"ठेव ते खाली," थोरली म्हणाली.

"ताई?"

तिनं खिशातली सुरी काढून धाकटीच्या हातात दिली. "पंखा ओढतो काय?"

"भुसा."

"भुसा नंतर. आधी काय?"

"...हवा."

"कुठली?"

धाकटी टोपणाकडे बघत राहिली. थोरली थांबली. सांगून टाकायला एक क्षण पुरला असता. पण ती थांबली, बाबा थांबत तशी, आणि थांबता थांबता तिला वाटलं, हे मी हिच्यासाठी करतेय की हिच्यापेक्षा वरच्या पायरीवर उभं राहायला मिळावं म्हणून?

"अगंबाई!" धाकटी ओरडली. "मी तर पंख्याचा गळाच दाबलाय!" आणि तिनं फळी आत जाते त्या बाजूची पट्टी लांबच्या लांब कापून काढली, मग मागचीही.

मशीन सुरू झालं. पंख्याचा आवाज खाली उतरला, भरला, आणि पाइपात ढलप्या पावलं वाजवत पळू लागल्या. फळी स्वच्छ बाहेर आली. हवेत एक कण नव्हता.

"शाब्बास!" अंगणातून आवाज आला. बाबांनी वळून पाहिलंही नव्हतं. त्यांनी फक्त ऐकलं होतं.

दोघींनी एकदमच मान वर केली. भुशानं माखलेल्या त्या चेहऱ्यावर थोरलीला जे दिसलं ते तिच्या ओळखीचं होतं – बाटलीवरून वर बघणारं, हनुवटी पुसली जायची वाट पाहणारं. तिला वाटलं होतं, ते जगात एकाच चेहऱ्यावर असतं.

"तुम्हाला म्हणाले ते, ताई," धाकटी म्हणाली.

"छे. तुला."

दोघींनाही ते पटलं नाही. धाकटी बाबांच्या ॲप्रनची नाडी बांधून द्यायला अंगणात धावली; आपण जायला हवं होतं, हे थोरलीच्या लक्षात नंतर आलं. ती फळीवरून अंगठा फिरवू लागली. या टोकापासून त्या टोकापर्यंत लाकूड सरळ होतं, कुठेही काही लागत नव्हतं. दारात पावलं वाजली, तरी अंगठा मात्र शोधतच राहिला.