दोन माइकांचं गाणं

आमच्या कॅसेट डेकचं बटण दाबलं की जुन्या पेटीचं कुलूप पडावं तसा खट्ट आवाज येतो. घरात नवनवी यंत्रं आली, पण डेक मी माळ्यावर जाऊ दिला नाही.

परवा धाकटी जाऊ नातीला घेऊन आली. टेकतेय न टेकतेय तोच म्हणाली, "बाई, आपलं गाणं लावा. आजी कशी गायची ते हिला ऐकू दे."

तरुणपणी आम्ही दोघींनी या डेकवर एक गाणं भरलं होतं. माइक दोन होते. ओढाताण नको म्हणून डावा मी धरला, उजवा तिने. डाव्याचा आवाज डाव्या स्पीकरमधून यायचा, उजव्याचा उजव्यातून.

मी कॅसेट लावली. गाणं सुरू झालं, पण नुसता माझाच आवाज!

नात म्हणाली, "आजी, तू कुठेयस?"

धाकटीचा चेहरा पडला. "पुसलंत ना मला? तुमचा डेक, तुमचीच मर्जी."

"अगं, पुसायला ती पाटी आहे का?"

"राहू दे. चल गं पोरी." ती चपला शोधायला लागली. एकदा रुसली की वर्ष वर्ष तोंड न बघणारी बाई.

आमचे हे म्हणाले, "स्पीकर गेला असेल." त्यांनी तारांची अदलाबदल केली. आता मुका स्पीकर बोलायला लागला आणि बोलका मुका झाला. म्हणजे स्पीकर दोन्ही धडधाकट. डेकवर आवाज दाखवणाऱ्या दोन सुया, त्यातली डावी नाचत होती, उजवी मात्र गाढ झोपलेली.

"थांब गं!" मी ओरडले. "तुझी बाजूच बंद आहे. पुसलं असतं तर मीही पुसले गेले असते. तू आतच आहेस!"

कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून मी टेप जिथे घासून जाते ते हेड पुसलं. बोळा काळाकुट्ट निघाला. पुन्हा खट्ट.

आणि धाकटी गायला लागली. खणखणीत, माझ्यापुढे धावत, आणि सुराला पार वाऱ्यावर सोडून!

नात तोंडात ओढणी कोंबून बसली.

"अगंबाई, ही मी?" धाकटी मटकन बसली. "बाई, पुसा हो हे!"

"आता पुसू होय? मघाशी पुसलं म्हणून कोण निघालं होतं?"

ती हसायला लागली ती थांबेचना. मीही हसले, हेही हसले. डोळे पुसत ती म्हणाली, "परत लावा. पण आवाज वाढवा जरा, तुमचं काही ऐकूच येत नाही."