बिननावाचा सिंह

ही गोष्ट २००३ सालच्या ऑगस्टमधली. पद्मिनीबाई तेव्हा पासष्ट वर्षांच्या होत्या आणि सुनेच्या बाळंतपणासाठी नागपूरहून न्यू जर्सीत, पार्सिपनीला आल्या होत्या. बॅगेत डिंक, अळीव आणि जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी.

त्यांच्या अपार्टमेंटच्या खालच्या मजल्यावर दिमित्रा नावाची ग्रीक म्हातारी एकटीच राहायची. तळघरात कपडे धुण्याच्या मशीनपाशी दोघींची ओळख झाली. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे लाजायचं कारण नव्हतं.

"तुझ्या नवऱ्याचं नाव काय होतं?" पद्मिनीबाईंनी एकदा विचारलं.

"लेओनिदास. लेओन म्हणजे सिंह. फार जुना शब्द आमचा. आता सिंहाला दुसरं म्हणतो, पण माणसांच्या नावांत जुनाच राहिलाय." दिमित्रा हसली. "आमचा सिंह झुरळाला घाबरायचा."

"आमचा कुलदेव नरसिंह," पद्मिनीबाई म्हणाल्या, "आणि आमचे हे पालीला घाबरायचे."

मग दिमित्रा सिंहाबद्दलच बोलत बसली. लेओन म्हणजे राजा, लेओन म्हणजे दाराचा राखणदार. देवळाच्या छपरावरचं पाणीसुद्धा त्याच्याच तोंडातून पडायचं. आणि तिच्या माहेरगावाजवळ रस्त्याच्या कडेला एक भला मोठा दगडी सिंह होता, लढाईत मेलेल्यांच्या थडग्यावरचा. थडग्याचं नाव निघताच पद्मिनीबाईंनी विषय बदलला. घरात दिवस भरलेली सून होती.

मुलगा झाला. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमधली बाई जन्माचा फॉर्म घेऊन आली. सुनेनं, हिमानीनं, पेन हातात घेतलं.

"आई, नाव मी ठरवलंय. सिद्धेशलाही सांगितलेलं नाही, सरप्राइज आहे. लिहून टाकू?"

"ठरवलंयस ते मनात ठेव. नाव आत्यानं सांगायचं, बाराव्या दिवशी, कानात. सुमेधा टेक्सासहून येतेय ती काय नुसत्या घुगऱ्या खायला?"

"राहू दे ना यार," सिद्धेश बायकोला म्हणाला. "नंतर अ‍ॅड करता येतं, मी विचारलंय."

हिमानीनं पेन परत दिलं. फॉर्मवर 'बेबी बॉय' एवढंच लिहिलं गेलं.

आठव्या दिवशी बाळानं दूध ओढणं सोडलं आणि त्याचे ओठ निळे पडले. हृदयातच दोष होता. काचेच्या पेटीत, नळ्यांच्या जाळ्यात त्याला ठेवलं. नर्सनं हिमानीला विचारलं, "याला काय म्हणता तुम्ही? नावानं हाक मारा. आईचा आवाज ओळखतात ही बाळं."

हिमानीनं सासूकडे पाहिलं. पद्मिनीबाईंना वाटलं, आज नाव घेतलं म्हणजे बारावा दिवस उजाडणार नाही हे आपणच कबूल केल्यासारखं होईल. त्या म्हणाल्या, "चारच दिवस गं. चार दिवस थांब."

हिमानी दोन दिवस काचेला तोंड लावून 'बाळा, बाळा' म्हणत राहिली. खोलीतल्या सगळ्याच पोरांना त्यांच्या आया कुठल्या ना कुठल्या नावानं बोलावत होत्या. दहाव्या दिवशी सकाळी तो गेला.

सुमेधा ठरल्या तिकिटावर अकराव्या दिवशीच उतरली. बॅगेत चांदीची वाटी आणि जरीची कुंची. इतक्या लहान जिवाला आपल्यात अग्नी देत नाहीत, म्हणून दुसऱ्या दिवशी दफनभूमीत नेलं. तो बारावा दिवस होता. पेटी हातभर लांब.

"हिमानी, नाव सांग मला," सुमेधा म्हणाली. "मी आत्या आहे. त्याच्या कानात सांगते."

"आता नको, सुमेधाताई. त्याला ऐकू येत होतं तेव्हा सांगायचं होतं."

"माझं चुकलं गं," पद्मिनीबाई म्हणाल्या. "सांग आता. निदान दगडावर तरी लिहू."

"दगडाला नाव नको, आई." हिमानीचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर ती सासूशी बोलेनाशी झाली. दगडावर काय कोरायचं, हे विचारणारा दफनभूमीचा कागद तीन आठवडे टेबलावर कोराच पडला होता. एक दिवस पद्मिनीबाई दुपटी घेऊन तळघरात गेल्या. मशीन लावलं आणि त्या आवाजात पहिल्यांदा मोकळेपणी रडल्या. दिमित्रा शेजारी येऊन बसली.

"त्या दगडी सिंहाचं तू मला पुरतं सांगू दिलं नाहीस," ती म्हणाली. "ती माणसं हरली होती. त्यांच्या थडग्यावर एकाचंही नाव नाही. नुसता लेओन बसलाय. इथे पडलेला लढून पडला, एवढंच तो सांगतो."

पद्मिनीबाई वर गेल्या आणि जसं ऐकलं तसं सुनेला सांगितलं. आपलं काही जोडलं नाही.

हिमानीनं टेबलावरचा कोरा कागद पुढ्यात ओढला. मग म्हणाली, "सिंह चालेल."

पाटाएवढ्या, जमिनीलगतच्या दगडावर एक बसलेला सिंह कोरला गेला. खाली काही नाही.

२००६ मध्ये मुलगी झाली तेव्हा पद्मिनीबाई पुन्हा आल्या. फॉर्म आला, तेव्हा त्यांनी स्वतः पेन उघडून सुनेच्या हातात दिलं. हिमानीनं लिहिलं, गिरिजा. ती तीन महिन्यांची असताना सिद्धेशला कॅलिफोर्नियात नोकरी लागली. निघायच्या आधी सगळे दफनभूमीत गेले. हिमानी गुडघे टेकून खाली वाकली, आणि सिंहाच्या कानाला तोंड लावून काहीतरी बोलली.

पद्मिनीबाई चार पावलांवर गिरिजाला घेऊन उभ्या होत्या. वारा नव्हता, ऐकू आलं असतं. त्यांनी पाठ फिरवली आणि नातीला मोठ्यानं झाडावरचे पक्षी दाखवायला सुरुवात केली.

सिद्धेश आणि हिमानी सनीव्हेलला असतात. गिरिजा आता दोन वर्षांची आहे. सुमेधा टेक्सासलाच आहे. चांदीची वाटी तिनं कुणालाच दिली नाही. दिमित्रा दर महिन्याला जाऊन दगडावरची पानं झाडायची. २००७ च्या हिवाळ्यात ती गेली. आता पानं कोण झाडतं, ठाऊक नाही. पद्मिनीबाई नागपूरला परतल्या. रोज सकाळी नरसिंहाच्या तसबिरीपुढे त्या घरातल्या एकेकाचं नाव घेऊन सुखी ठेव म्हणतात. सिद्धेशचं होतं, हिमानीचं होतं. मग त्या थांबतात, एका नावाएवढ्याच गप्प राहतात, आणि मग गिरिजाचं घेतात.