चार बोटं कच्ची शिलाई

सानगडीत सोमाजीचं घर विचारलं की माणसं आधी हसत आणि मग रस्ता दाखवत. बावीस वर्षं तो खडी गंमतीत, म्हणजे उभ्याउभ्या रंगणाऱ्या गावच्या तमाशात, नाच्या होता. दिवाळीनंतर गावाची मंडई, म्हणजे जत्रा, भरली की लुगडं नेसून, छातीला कापसाचे गोळे बांधून, भर दुपारी ढोलकीपुढे उभा राहायचा आणि पाच गावच्या माणसांना हसवून बेजार करायचा. खांद्याचा एक झटका होता त्याचा. तो पाहायला माणसं बैलगाड्या जुंपून येत. मग एके वर्षी मंडई भरवणाऱ्या मंडळाला वाटलं की बाप्यानं बाईसारखं नाचणं आता कोण बघतो, नागपूरहून खरी बाई आणू. आणली, आणि लोक खूश झाले. तेव्हापासून दोन वर्षं सोमाजी ओसरीवर बसून गावाचे फाटके कपडे शिवत होता. मंडईच्या दिवशी तो कामाचा इतका आव आणायचा की बायकोने, गिरजाबाईने, चहा ठेवला तरी त्याला दिसत नसे.

त्र्याऐंशी सालच्या मंडईच्या सकाळी तीच नागपूरची बाई त्याच्या दारात आली. बेबीबाई तिचं नाव. गावभर चिकटवलेल्या कागदांवर तिचा अरबी नाच होता, पोट हलवून करायचा, सिनेमात दाखवतात तसला. दारात आली तेव्हा मात्र अंगभर शाल होती आणि बगलेत एक गाठोडं. सोमाजीच्या पोटात आधी दुखलंच. आपल्या जागेवर आलेलं माणूस आपल्याच दारात पाहून कोणाला बरं वाटेल?

गाठोड्यातून जी निघाली ती नावाला चोळी. शहरातल्या बाया आतून घालतात तसली बॉडी, वर लाल साटीन, आणि साटीनवर काचमणी, टिकल्या अन् भोकाचे जुने पैसे ओळीने शिवलेले. हातात घेतली तर चांगली शेरभर वजनाची. आणि एवढं वजन पेलायला खांद्यावर काय, तर बोटभर रुंदीचं इलॅस्टिक! डावा पट्टा तुटलेला होता आणि त्याला गाठ मारली होती.

आठ दिवसांपूर्वी सिहोऱ्याच्या मंडईत नाचता नाचता हा पट्टा तुटला. पुढचं बेबीबाईने भिंतीकडे पाहत सांगितलं. लोक उठून उभे राहिले, टॉर्च मारले, शिट्ट्या घातल्या, आणि पडदा ओढायला माणसाने फार वेळ लावला. तेव्हापासून तिचा डावा हात नाचत नव्हता, नुसता अंगाशी धरलेला असायचा. गावात कोणीतरी तिला सांगितलं होतं की असलं काम सोमाजीलाच जमतं.

"मले असे पट्टे पाहिजे," ती म्हणाली, "का मानूस लटकला तरी तुटले नाई पाहिजे."

काम पाहिलं की सोमाजीचा राग टिकत नसे, हा त्याचा जुना दोष. इलॅस्टिक पायजम्याला ठीक, वजनाला नाही, असं त्याने तिला ऐकवलं. वजन धरायचं ते न ताणणाऱ्या पट्टीने. घरातल्या मोडक्या खाटेची नवार त्याने सोडली आणि सात हात कापून घेतली. दुहेरी नवार, वर साटीनची खोळ. पट्टा चोळीच्या काठाला नुसता टाचायचा नाही, थेट खालच्या कमरपट्टीपर्यंत न्यायचा. मागे दोन्ही पट्टे फुलीसारखे एकमेकांवरून घ्यायचे आणि शेवटी पँटचे लोखंडी हूक. माप गिरजाबाईने घेतलं, आणि सोमाजी पाठ फिरवून सांगत राहिला: हात वर करू दे, आता मागं वाकू दे, आता घे. सरळ उभ्या बाईचं माप घेतलं तर ती वाकली की पट्टा दगा देतो, हे बावीस वर्षांत तो स्वतःच्या अंगावर शिकला होता. तीनला येते म्हणून बेबीबाई गेली. खेळ दिवेलागणीला होता.

ती गेली आणि अर्ध्या तासात भोजराज आला. मंडळाचा अध्यक्ष, धानाचा व्यापारी, कायम हसरा माणूस. वाईट गोष्टसुद्धा थट्टेवारी सांगायची त्याची हातोटी होती, म्हणून त्याच्यावर रागावताही येत नसे. मोटारसायकलवरून न उतरताच त्याने हाक मारली. सोमाजी कुंपणाशी गेला.

भोजराजने आधी धानाची चौकशी केली, मग गिरजाबाईच्या गुडघ्यांची. मग म्हणाला, बाईनं चोळी तुह्याकडं देली म्हने, लाखनी-साकोलीकडून माणसं येऊन राहिली हायेत, सिहोऱ्याची गोष्ट सगळीकडे झालीय.

"फार पक्कं नको करजो सोमाजी," तो हसत म्हणाला. "आनि उद्या दुपारी मैदान मोकळंच हाय. म्हटलं, दोन वर्सं झाले तुही गंमत उभी झाली नाई."

एवढंच बोलून त्याने गाडी चालू केली. सोमाजी कुंपणाचा बांबू धरून तसाच उभा राहिला. खरं सांगायचं तर पहिल्याने त्याच्या मनात बेबीबाई आलीच नाही. मनात आलं की लुगडं पेटीत आहे, त्याला कसर लागली नसेल ना.

तो शिवायला बसला. उजवा पट्टा त्याने असा शिवला की बैल बांधावा. मेण लावलेला दोरा, प्रत्येक जोडावर चौकोन, चौकोनात फुली, आणि फुलीवरून पुन्हा एक फेर. मग डावा घेतला. मागचा जोड पक्का केला, हूक पक्का केला. पुढे जिथे पट्टा चोळीत उतरतो तिथे आल्यावर त्याचा हात थांबला. चार बोटांची जागा होती. तिथे त्याने साधा एकेरी दोरा घेतला आणि लांब लांब कच्चे टाके टाकले, कपडा नुसता जागेवर धरून ठेवायला शिंपी टाकतात तसले. वरून साटीन ओढलं, साटीनवर पैशांची एक ओळ शिवली. बाहेरून ब्रह्मदेवाला कळलं नसतं.

आपण काही तोडत नाही, असं त्याने स्वतःला समजावलं. नाचली जपून तर टिकेलही. सिहोऱ्याला तुटला तेव्हा कोणी मेलं नाही. अशा दहा गोष्टी त्याने मनाशी बोलून पाहिल्या आणि एकही गळी उतरेना. गिरजाबाई दाराआड धान पाखडत होती. ती एकदा उठून आली, चोळीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि परत गेली.

बेबीबाई बरोबर तीनला आली. तिने उजवा पट्टा दोन्ही हातांनी ओढला, मग डावा. पण सावकाश ओढलेला कच्चा टाकासुद्धा धरतो, तो तुटतो झटक्याने. पट्टा धरला. ती घेऊन गेली असती तर विषय संपला असता, पण ती जागची हलेना.

"हातानं ओढून समजत नाई," ती म्हणाली. "मी इथं नाचली तर अख्खं गाव जमा होईल. तुमी नाच्या होते म्हने. तुमीच घाला आनि दाखवा नाचून."

सोमाजी हसला, म्हणाला, आता वय झालं, गुडघे गेले. तिने चोळी त्याच्यापुढे धरली. नाही म्हणावं तर तिला संशय येणार. उघडी गोष्ट होती. शेवटी त्याने सदरा काढला, बंडीवरूनच चोळी चढवली, आणि गिरजाबाईने मागचे हूक लावले. मनात त्याने नेम केला होता की डावा खांदा सांभाळायचा, उजव्यावर नाचायचं, दहा पावलं टाकून मोकळं व्हायचं.

बेबीबाईने टाळीवर ठेका धरला. सोमाजीने अंगणात दोन पावलं टाकली, पैसे खुळखुळले. चार टाकली. रस्त्याने मंडईला निघालेल्या दोन बाया कुंपणाशी थांबल्या. मागून तीन-चार बापे आले. कोणीतरी म्हणालं, सोमाजी नाचून राहिला रे, आणि पाहता पाहता कुंपणाला वीस-पंचवीस माणसं लागली. म्हातारा शाहीर तुलाराम, ज्याच्या ढोलकीवर सोमाजी आयुष्यभर नाचला, तोही त्यांत होता. त्याने कुंपणाच्या बांबूवर बोटं मारायला सुरुवात केली. तोच जुना ठेका.

आणि सोमाजी विसरला. दोन वर्षं उपाशी ठेवलेलं अंग होतं ते. गुडघे आठवेनात, चोळी कोणाची ते आठवेना, डावा-उजवा आठवेना. माणसं टाळ्या देत होती आणि तो त्यांच्याकडे पाहून डोळे मोडत होता, कंबर टाकत होता, पंचेचाळीस वर्षांचा पांढऱ्या मिशीचा बाप्या त्या पंधरा मिनिटांत जगातला सगळ्यात सुखी माणूस होता. कुंपणाकडून आवाज आला, खांदा होऊ दे. तुलारामने ठेका चढवला. सोमाजी मागे वाकला, दोन्ही हात वर केले आणि डाव्या खांद्याचा तो झटका मारला.

टर्रकन् आवाज झाला. पट्टा उसळून कानावर बसला, चोळी एका बाजूने लोंबली, आणि भोकाचे पैसे अंगणात उडाले.

कुंपण हसून आडवं झालं. कोणी शिट्टी घातली. कोणी ओरडलं, पाहू दे रे सोमाजी, काय लपवून राहिला! अशी गत त्याची याआधी तीनदा झाली होती. कापसाचा गोळा पडायचा, तो उचलून सोमाजी प्रेक्षकांतल्या कोणाच्या तरी मांडीत द्यायचा आणि दुप्पट हशा घ्यायचा. आजही तोच प्रसंग, तीच माणसं. आत बंडी होती, झाकण्यासारखं काही नव्हतंच. पण त्याचे दोन्ही हात आपोआप छातीवर गेले आणि तिथेच राहिले. विनोद सुचेना. तो होता तिथे खाली बसला. शिट्ट्या वाढल्या, आणि आपण हे कोणासाठी शिवलं होतं ते त्याला पहिल्यांदा अंगावर कळलं.

गिरजाबाईने लोकांना हाकललं. हसत हसत ते मंडईकडे गेले. बेबीबाईने खाली बसून पैसे वेचले, मग तुटलेलं टोक उचलून उजेडाकडे धरलं. लांब लांब टाक्यांचा पांढरा दोरा लोंबत होता. ते वाचायला शिंपी असायची गरज नव्हती.

तिने तो दोरा ओढून काढला आणि बोटाला गुंडाळला.

"सिहोऱ्यालेबी आदल्या दिवशी एकानं दुरुस्त करून देल्ता," ती हळू म्हणाली. "मी समजली, इलॅस्टिकच जुनं होतं."

सोमाजीला वर पाहवेना. ती शिव्या देईल, गाठोडं उचलून जाईल, असं त्याला वाटलं. गेली असती तर सुटला असता. पण तिला दुसरा शिंपी नव्हता आणि दोन तासांनी खेळ होता. तिने चोळी त्याच्या मांडीवर ठेवली.

"शिवा," ती म्हणाली. "मी इथंच बसते."

ती समोर बसली आणि प्रत्येक टाका पाहत राहिली. गिरजाबाईने दोरा मेणातून तीनदा ओढून त्याच्या हातात दिला. त्याने साटीन उसवलं, चार बोटांची जागा उघडी केली. चौकोन, फुली, फुलीवरून फेर. सुई दोनदा बोटात गेली. मैदानावर भोंगा सुरू झाला, ऊन कुंपणावरून उतरलं. भोजराजचा माणूस बोलवायला आला, त्याला गिरजाबाईने दारातूनच परत धाडलं. शेवटचा टाका पडल्यावर सोमाजीने पट्टा मुठीला गुंडाळला आणि सगळं अंग टाकून झटका दिला. मग आणखी एक. चौथ्या झटक्याला त्याची बोटं सोलवटली. बेबीबाईने चोळी घेतली आणि शालीखाली धरून निघून गेली. मजुरी तो घेणार नव्हताच, आणि तिनेही विचारली नाही.

दिवे लागले तेव्हा मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. सोमाजी स्टेजच्या कडेला, कनातीला धरून उभा होता. ती आली आणि गर्दी पुढे सरकली. पहिली दोन-तीन मिनिटं तिचा डावा हात अंगाशीच होता. तिने एक झटका घेतला, लहानसा. गर्दीने श्वास धरला. काही झालं नाही. मग जरा मोठा. सोमाजीच्या मुठीत कनातीचं कापड चुरगळलं होतं. पुढे कधीतरी तो डावा हात अंगापासून सुटला, खांद्याइतका वर गेला, मग डोक्यावर, आणि ती दोन्ही हात वर करून पार मागे वाकली. पैसे खणखणले. ती नाचत होती, पूर्ण नाचत होती, आणि त्या कलेतलं सगळं कळणारा माणूस त्या मैदानात एकच होता.

मागच्या लोकांना ते पसंत पडलं नाही. कुजबुज झाली, दोन-चार खडे पडले, कोणी तुटू दे तुटू दे म्हणून ओरडलं. ती थांबली नाही. नाच संपला, पडदा पडला, आणि लोक चरफडत भज्यांच्या दुकानांकडे वळले.

गर्दीतून वाट काढत भोजराज आला. आज पहिल्यांदाच तो हसत नव्हता. उद्याचं मैदान गेलं, हे त्याच्या तोंडावरच लिहिलेलं होतं आणि सोमाजीने ते वाचलं.

"तुटला काहून नाई रे?" भोजराजने दबक्या आवाजात विचारलं.

"तुटला ना भाऊ," सोमाजी म्हणाला. "दुपारीच तुटला. माह्या आंगावर."